कमलीबेनला लग्न करायचंय

आमच्या ऑफिसात फायली कमी आणि किस्से जास्त. फाईल निदान कपाटात गप्प बसते, किस्सा कुठला बसायला! डब्याच्या वेळी एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो आणि सगळ्यांच्या भाज्या गार होतात. कितीदा ठरवलं की जेवताना कामाचं बोलायचं नाही. पण आमचं कामच असं आहे की किस्से न साठले तरच नवल.

सिल्वासात एका फरसाणच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, हे आमचं ऑफिस. काम एका दमात सांगता येतं. आसपासच्या पाड्यांवरच्या गरीब घरांना एकरकमी पैसे द्यायचे, थेट घरातल्या बाईच्या खात्यात, आणि त्यांचं काय करायचं ते तिलाच ठरवू द्यायचं. शेळी घ्या, शिलाई मशीन घ्या, असलं काही सांगायचं नाही. एवढी साधी गोष्ट लोकांना पटवता पटवता आमच्या चपला झिजल्या.

माणसं तीन. देसले सर मूळचे नाशिकचे. खडोलीतल्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि घरी करमेना म्हणून इकडे आले. रमिला इथलीच, वारली, आणि तिची प्रत्येक पाड्यावर एक तरी मावशी आहेच. तिसरी मी, धुळ्याची. नवऱ्याच्या नोकरीमागे आले आणि इथलीच होऊन गेले.

*

गलोंड्याच्या पुढच्या एका पाड्यावरची पहिली मीटिंग. सरांनी छान समजावलं. पैसे मिळतील, परत करायचे नाहीत, कशावर खर्च करायचे ते तुमचं तुम्ही बघा. मग विचारलं, काही शंका?

शेवटी मागून एक म्हातारेबाबा उठले. मत पाहिजे का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, नाही. मग जमीन? तीही नको. मग अंगठा कशावर लावायचा? कशावरच नाही!

बाबांनी बराच वेळ विचार केला आणि अगदी मायेने म्हणाले, "मंग साहेब, तुमच्या ऑफिसात कायतरी चुकलाय. जाऊन नीट करून या. आमी थांबतो."

आम्ही चहा पिऊन मुकाट्याने परत आलो. पुढच्या खेपेला रमिलाने आपल्या मावशीला पुढे बसवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

*

मग घरोघरी गप्पा सुरू झाल्या. सरांनी आम्हाला बजावलं होतं, पैसे हातात आले तर काय करावंसं वाटतं एवढंच विचारा, सल्ला देऊ नका. पहिल्या दिवशी जो तो म्हणे, पोरांचं शिक्षण! मी तर हरखून गेले. एका आजोबांनीही तेच सांगितलं. घरात दुसरं कोणी दिसेना, म्हणून रमिलाने विचारलं की पोरं कुठे गेलीत.

आजोबा म्हणाले, "पोरा नाय मना. पन सगले तेच सांगतात ना?"

त्याच दुपारी कमलीबेन भेटल्या. चाळिशीतल्या, बोलताना कामातला हात न थांबवणाऱ्या. भात पाखडत होत्या. काय करावंसं वाटतं, विचारलं तर म्हणाल्या, लगीन. मला वाटलं, मुलीचं. त्यांची अंजू खडोलीला धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते आणि तिचं एका मुलाशी ठरलेलंही होतं. मी तसं म्हटल्यावर कमलीबेननी सूप खाली ठेवलं.

"तिचा नंतर. आधी माझा."

आणि त्यांचे नवरे लाडकभाई मागे ओट्यावर बसलेले! बाहेर आल्यावर रमिलाने मला समजावून सांगितलं. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याचं जेवण, वाजंत्री, शिवाय लग्न लावणारी धवलेरी, कारण इकडे भटजी नसतो, बाईच लग्न लावते. हा सगळा खर्च झेपत नाही म्हणून पुष्कळ जोडपी आधी संसार मांडतात आणि पैसे जमले की लग्न करतात. कित्येकांचे जमतच नाहीत. त्यावरून कोणी कोणाला नावं ठेवत नाही, पोरंबाळं होतात, सगळं सुरळीत चालतं.

अडतं ते एका ठिकाणी. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तो काढायचा मान लग्न लागलेल्या सवाष्णींचा. कमलीबेनचा हात पाड्यात सगळ्यात सुंदर. स्वतःच्या घराच्या कुडावर त्यांनी काढलेली झाडं आणि मोर मी बघितलेत, नजर हटत नाही. पण दर लग्नात त्या पीठ वाटून द्यायच्या आणि बाजूला जाऊन बसायच्या. आता पोटच्या मुलीच्या लग्नाचा चौकही दुसऱ्या कोणी काढायचा?

मला भरून आलं, खरंच. सल्ला द्यायचा नव्हता, पण मनातल्या मनात मी कमलीबेनच्या पार्टीत जाऊन बसले.

*

पैसे जमा झाले त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. पाड्यावर कोणी साहेब आला की एक खुर्ची निघते. ती असते कोणा एकाच्या घरी. तिथून ती डोक्यावरून आणतात, फडक्याने पुसतात, साहेब बसतो आणि ज्यांचं घर ते जमिनीवर.

सुमनबेन नावाच्या एका बाईने पैशांतून छपरावर पत्रे घातले, मुलाचा कान डॉक्टरला दाखवला आणि उरलेल्यात लाल रंगाची प्लास्टिकची खुर्ची घेतली. आम्ही गेलो तेव्हा ती नवीकोरी खुर्ची अंगणात मधोमध. सर सवयीने तिच्याकडे वळले. तेवढ्यात सुमनबेन पदर सावरून तिच्यात ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "बसा साहेब. खाली आजच सारवलाय."

सर निमूट मांडी घालून बसले! परत येताना गाडीत एकटेच हसत होते आणि गुडघे चोळत होते.

*

फुकटचे पैसे लोक दारूत उडवतात, हे ऐकल्याशिवाय आमचा एक दिवस जात नाही. गुजरातेत दारूबंदी, म्हणून तिथून अख्खी माणसं इकडे प्यायला येतात आणि शंका मात्र पाड्यावरच्या बायांवर! सरांच्या सोसायटीत पुण्याचे एक मॅनेजर राहतात, ते तर लिफ्टमध्ये भेटले तरी हाच विषय काढायचे.

दिवाळीत ते सरांना एका हॉटेलात दिसले. टेबलावर बाटली, मित्रमंडळी, जोरदार कार्यक्रम. सरांनी सहज विचारलं, बोनस झाला वाटतं? ते जरा ताठ झाले आणि म्हणाले, "झाला. पण तो आमचा आहे. त्याचं काय करायचं ते आम्ही ठरवू."

सर म्हणाले, "अहो, वर्षभर मी तुम्हाला दुसरं काय सांगतोय!"

*

इकडे लाडकभाईंचं वेगळंच चाललं होतं. माणूस सरळ, कष्टाळू. दादऱ्याच्या एका कंपनीत ट्रकमध्ये माल चढवायला जातात, पाठीची पार वाट लागलेली. त्यांना हवी होती पाण्याची मोटर. शेताच्या खालून ओहोळ वाहतो, मोटर बसली की वांगी, भेंडी निघेल आणि कंपनीला रामराम ठोकता येईल. मोटर आणि लग्न दोन्ही होतील एवढे पैसे नव्हते आणि खातं कमलीबेनच्या नावावर.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ते शेवग्याच्या शेंगांची मोठी जुडी घेऊन आमच्या ऑफिसात आले. सरांनी कमलीबेनला दोन शब्द सांगावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आपण कोणाला काही सांगत नाही, असं सरांनी स्पष्ट केलं. पण मोटर म्हटल्यावर त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला! ओहोळ किती खाली आहे, पाईप कोणता, किती हॉर्सपॉवरची लागेल, सर पाठकोऱ्या कागदावर चित्रच काढायला बसले. लाडकभाईंचा चेहरा उजळला.

रमिलाने सरांच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं आणि शेंगांची जुडी लाडकभाईंच्या हातात परत दिली. ते गेल्यावर सर दोन तास तिच्याशी बोलले नाहीत. मी मात्र दिवसभर विचार करत राहिले, कारण लाडकभाईंचंही चूक नव्हतं. त्यांची पाठ मी बघितली होती.

*

आणि ती शेळी! पैशांचं काय केलं याचा पुरावा आम्ही मागत नाही. पण पाड्यावर कोणाचा यावर विश्वास बसेल तर शपथ. ऑफिसवाले येणार म्हटल्यावर दाखवायला काहीतरी हवंच, असं त्यांनी आपापसात ठरवलेलं.

पहिल्या घरी गेलो, दारात शेळी. तपकिरी, एक कान फाटलेला. शेळी घेतली, असं सांगितलं. पुढच्या घरीही शेळी, तपकिरी, कान फाटलेला. रमिला माझ्याकडे बघायला लागली. आम्ही रस्त्याने जायचो आणि शेळी मागच्या शेतातून. चौथ्या घरी तर ती आमच्यानंतर पोचली, धापा टाकत.

सरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिला आधी पाणी द्या. सकाळपासून आमच्याबरोबर फिरतेय."

असा हशा उसळला! मग सगळं खरं बाहेर आलं. एकाने म्हाताऱ्या आईला पलंग घेतला होता. एका बाबांनी दात बसवले होते आणि पकडले जाऊ नये म्हणून सकाळपासून तोंड मिटून बसले होते. एका घराने सुनेला ड्रायव्हिंग क्लास लावला होता. तिला कंपनीच्या बायकांची ने-आण करणारी व्हॅन चालवायची आहे! हे सगळं सांगण्यासारखं असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

*

पण आमच्या ऑफिसातला सगळ्यात भारी किस्सा कमलीबेनचा.

बाकी सगळ्यांचे पैसे मार्गी लागले, यांचे तसेच खात्यात. अंजूच्या सासरचे तारखेसाठी फोनवर फोन करत होते. मी आणि रमिला गेलो तेव्हा कमलीबेन भांडी घासत होत्या आणि लाडकभाई पुन्हा मोटरच्या विषयावर आले होते. मुद्दे सगळे बरोबर. मोटरीने पैसा येईल, पैशाने घर चालेल, लग्नाने काय येणार? जेवण एका दिवसात संपतं. बोलता बोलता त्यांचा आवाज हळवा झाला, पाठीचंही सांगितलं. कमलीबेन ऐकत होत्या, राख लावून टोप घासत होत्या. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले आणि मला वाटलं, झालं, आता या हो म्हणणार.

लाडकभाईंनाही तसंच वाटलं असावं. ते हसले आणि म्हणाले, "लगीन काय, हुईल कवातरी. एवढी वर्सा झाली. मी काय पलून जानार हाय?"

कमलीबेनचा हात थांबला. त्यांनी टोप बाजूला ठेवला, मनगटाने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे सरळ बघितलं. रागाने नाही हं, अगदी शांतपणे.

"तू नाय. पन आता मना पलता येल."

लाडकभाईंनी आधी कमलीबेनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. थोड्या वेळाने ते उठले आणि ओट्याखाली चपला शोधायला लागले.

रमिलाने विचारलं, "काका, कुठं निघालात?"

"धवलेरीकडं," ते म्हणाले. "दुपारनंतर ती घरी गावत नाय."