घड्याळजी आणि ताईची होडी

घड्याळजीचं धुळीशी हाडवैर होतं. जिन्याखालचं त्याचं दुकान एवढंसं, की दुसरा माणूस आत आला तर पहिल्याला श्वास घ्यायला बाहेर जावं लागे. पण तिथल्या प्रत्येक वस्तूला झाकण होतं. स्क्रूच्या डब्यांना झाकणं, तेलाच्या बाटल्यांना बुचं, उघड्या पडलेल्या घड्याळांवर काचेचे पेले उपडे घातलेले. चहा आला की तोही बशीने झाकायचा आणि विसरून जायचा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. "झालं असतं ना," त्याची थोरली बहीण म्हणायची, "तर यानं बायकोलासुद्धा रात्री झाकण लावून ठेवलं असतं."

अलीकडे फोनांनी लोकांच्या मनगटांवरून घड्याळं उतरवली होती. घड्याळजी सकाळी शटर वर करून बसायचा आणि भिंतीवरची घड्याळं त्याच्याकडे बघत बसायची. आधी कोण थांबतंय, याची त्यांच्यात एक मुकाट शर्यत लागलेली होती.

अशा एका सकाळी ताई दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुला इंजिन कळतं का रे?"

"कसलं?"

"होडीचं. तुझ्या दाजींचं."

"ताई, मी घड्याळं दुरुस्त करतो."

"मग हे जरा मोठं घड्याळ समज. पट्टा नाही, एवढंच."

दाजींना जाऊन दोन वर्षं होत आली होती. ते इंजिन चालवायचे, ताई जाळं सोडायची. संसारातली कामाची वाटणी त्यांनी होडीतही तशीच ठेवली होती, म्हणजे आवाज एकाचा आणि काम दुसऱ्याचं. आता होडी घरामागे उपडी पडली होती आणि इंजिन पडवीत लाकडी घोडीवर मान खाली घालून लटकलं होतं. आणि ताईच्या मुलाने आईला शहरात न्यायचं ठरवलं होतं. तो विमा कंपनीत होता. माणूस कशाकशाने मरू शकतो, हे माहीत असण्याचा त्याला पगार मिळायचा. साठी उलटलेली आई एका मोडक्या होडीशेजारी एकटी राहते, या विचाराने त्याची झोप उडाली होती, आणि ते खोटं नव्हतं.

"नवव्या मजल्यावर घर आहे त्याचं," ताई म्हणाली. "तिथं मी काय करू? खिडकीतून जाळं टाकू?"

फोनवर बरीच वादावादी होऊन शेवटी मायलेकांत एक करार ठरला होता. मुलगा रविवारी येणार. होडी इंजिनाच्या जोरावर खाडीच्या तोंडाशी असलेल्या पांढऱ्या खडकाला वळसा घालून परत आली, तर ताई इथेच राहणार आणि मासे धरणार. वल्ह्याला हात लावायची पाळी आली, तर सामान बांधणार. मुलगा हसत कबूल झाला होता. इंजिन त्याच्याहून वयाने मोठं होतं.

घड्याळजीने दुकानाला कुलूप लावलं. कुलपाच्या भोकावरची पत्री टोपीही खाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी ताईच्या जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर इंजिनाचं काळीज, म्हणजे कार्बोरेटर, सुटा सुटा होऊन पडला होता. डोळ्याला भिंग लावून घड्याळजी त्याच्यावर ओणवा झाला होता. जुनं पेट्रोल सुकून आतल्या बारीक भोकांत लाखेसारखं बसलं होतं. तो ते ब्रशच्या एकेका केसाने खरवडत होता.

"जेवायचं कुठे आज?" ताईने विचारलं.

"शिंकू नकोस."

"मी शिंकले नाही. जेवायचं विचारलं."

"तेच. बोलताना वारा येतो."

ताईने हात जोडले आणि ती मागच्या अंगणात होडीकडे गेली. होडीचं काम तिचंच होतं. बुडाला चिकटलेले शिंपले तिने खरवडून काढले, फळ्यांच्या फटींत सुताचे पीळ ठोकून ठोकून बसवले, वरून डांबर फासलं आणि मग रंग दिला. दिवसभर मागे ठोकाठोक आणि आत चिडीचूप. दुपारी दोघं पायरीवर बसून, ताटं मांडीवर घेऊन जेवायची, कारण टेबल इंजिनाने बळकावलं होतं.

इंजिनात थंड पाणी खेचणारी रबरी चक्री झिजून गेली होती. ती नवी आली. वायरीचा कुजलेला तुकडा बदलला. पेट्रोलची लोखंडी टाकी आतून गंजलेली, ती घासून वाळत ठेवली होती. म्हणून चाचणीच्या दिवशी घड्याळजीने उघड्या तोंडाच्या एका डब्यात पेट्रोल घेतलं, तो खिळ्याला टांगला, त्यात नळी सोडली, आणि पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिनाचा पंखा बुडवून दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. इंजिन शिव्या घातल्यासारखं गरजलं, पिंपातलं पाणी उसळून घड्याळजीच्या इस्त्रीच्या शर्टावर आलं आणि पडवीतली कोंबडी जी पळाली ती संध्याकाळीच घरी आली. इंजिन बराच वेळ चाललं, मध्ये एकदाही न अडखळता. ताईने डोळे पुसले आणि धुराला दोष दिला.

शनिवारी टाकी भरली. घड्याळजीने तिचं झाकण घट्ट फिरवलं, झाकणावरचा बोटाने फिरवायचा इवलासा स्क्रूही घट्ट पिळला, आणि सगळं फडक्याने पुसून ठेवलं.

रविवारी मुलगा चकचकीत बूट घालून आला. आधी घरात जाऊन त्याने आईच्या कपाटाची मापं टेपने घेतली. तिकडच्या भिंतीला बसेल की नाही ते बघायला हवं होतं. मग बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो होडीत चढला आणि वल्ह्यांशेजारी पंच बसावा तसा बसला. ताई मध्ये, टाकीपाशी. मागे इंजिनापाशी घड्याळजी, फुगवलेल्या जाकिटात गळ्यापर्यंत बंद. त्याला पोहता येत नव्हतं.

पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झालं. ताईने किनाऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. वारा तिच्या पदरात शिरला आणि ती क्षणभर एवढी तरुण दिसली की मुलाने कौतुकाने काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

पांढरा खडक हाकेच्या अंतरावर होता. त्यावरचे पक्षी खाली बघत होते.

घड्याळजीने दोरी ओढली. इंजिन चालू झालं, थोडं पुढे गेलं, पुन्हा गप्प. त्याने प्लग काढून पाहिला. ठिणगी झकास होती. प्लग परत बसवला, दोरी ओढली. चार श्वास आणि पुन्हा गप्प. पाण्याची ओढ होडीला हळूहळू खडकाकडे नेत होती, आणि घड्याळजीच्या कपाळावरचा घाम भिंग नसतानाही स्पष्ट दिसत होता.

"मामा, वल्ही घेऊ का?" मुलाने हलकेच विचारलं. त्यात आनंद नव्हता; म्हणून ते जास्तच लागलं.

"हात लावून तर बघ!" ताई कडाडली.

"आई, खडक आला."

"खडक आहे तिथेच आहे. त्याला कुठे जायचंय?"

बोलता बोलता तिने टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा दाबला. दाजी इंजिन सुरू करण्याआधी तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचे, एवढं तिला ठाऊक होतं. पण फुगा चपटा पडला होता, सुकलेल्या आमसुलासारखा.

"हे बघ रे, याला काय झालं? हा आतच चिकटलाय." मग ती मुलाकडे वळून म्हणाली, "तू अस्साच दूध प्यायचास. एवढा अधाशासारखा ओढायचास की बाटलीचं रबर आत जाऊन बसायचं, आणि मग जग बुडाल्यासारखा रडायचास. बाटलीचं झाकण जरा सैल केलं, आत वारा गेला, की मुकाट प्यायचास."

घड्याळजीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पेट्रोल बाहेर जायचं तर त्याच्या जागी वारा आत यायला हवा. अंगणातल्या डब्याचं तोंड उघडं होतं. टाकीचं नव्हतं.

काहीतरी शोधतोय असं दाखवत तो ओणवा होऊन टाकीपर्यंत आला. बोटांनी झाकणावरचा तो इवलासा स्क्रू चाचपला आणि कुणाला कळू नये इतक्या हळू फिरवला. टाकीने एक लांबलचक सुस्कारा टाकला. सासुरवाशीण माहेरच्या उंबऱ्यावर टाकते तसा. सगळ्या होडीने तो ऐकला. पक्ष्यांनीही ऐकला असावा.

"हा स्क्रू..." ताई सावकाश म्हणाली. "हे निघताना रोज तिथं बोट फिरवायचे. मला वाटायचं, खोड आहे. बंद कुणी केला हा?"

घड्याळजी रुमाल काढून टाकीचं झाकण पुसायला लागला.

"मी विचारते, कुणी बंद केला?"

"धूळ जाईल म्हणून," घड्याळजी म्हणाला.

ताईने डावीकडे पाहिलं. पाणी. उजवीकडे पाहिलं. पाणी.

"धूळ?"

"सवय आहे, ताई."

ती जी हसायला लागली ती होडी डुलायला लागेपर्यंत. मुलगा दोन्ही कडा धरून ओरडला, "आई, बुडू!" आणि मग तोही हसायला लागला. घड्याळजीने तेवढ्यात फुगा दाबून भरला, दोरी ओढली, आणि इंजिन असं सुरू झालं की जणू मधलं काही घडलंच नव्हतं. खडक डाव्या हाताला सरकत गेला. होडीने त्याला पूर्ण वळसा घातला आणि तोंड किनाऱ्याकडे केलं.

"लागला का हात वल्ह्याला?" ताईने विचारलं.

"नाही लागला." मुलगा आता हसत नव्हता. "पण मामा होडीत नसता तर?"

ताईचा हात झाकणावरच्या त्या स्क्रूकडे गेला. इंजिनाचा आवाज एकाएकी फार मोठा वाटायला लागला, आणि त्या आवाजामागे दाजींची रिकामी जागा होती, ती तिघांनाही दिसत होती.

"मी तुला नेत नाही," मुलगा म्हणाला. "ठरलंय ते ठरलंय. पण एकटीनं होडी काढायची नाही. शपथ घे."

"मग कोण येणार माझ्याबरोबर?"

दोघांनी मागे पाहिलं.

"माझं दुकान आहे," घड्याळजी घाईने म्हणाला.

"गेल्या महिन्यात किती गिऱ्हाइकं आली?"

"एक."

"काय हवं होतं त्याला?"

"पत्ता विचारत होता."

मुलाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"मला पोहता येत नाही, ताई."

"मासे तुला पोहायला सांगणार आहेत का?"

"पोटात ढवळतं माझ्या. आत्ताही ढवळतंय."

"मग उपाशीपोटी ये."

घड्याळजीने आभाळाकडे पाहिलं. तिथेही कुणी त्याची बाजू घेणारं नव्हतं. मग त्याने इंजिनाच्या आवाजाकडे कान दिला. ते एका लयीत चाललं होतं, आणि ते त्याने चालवलं होतं. आपल्या हातचं काहीतरी चालतंय आणि त्याच्यावर कुणीतरी कुठेतरी जातंय, असं त्याच्या आयुष्यात कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

"किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

"उजाडलं की."

"म्हणजे किती वाजता?"

"उजाडलं की, सांगितलं ना."

"ताई, ही काय वेळ झाली?"

"होडी डावीकडे चाललीय," ताई म्हणाली. "आधी ती सरळ कर."