आम्ही उलटं वाचलेलं पुस्तक

आधी माझी चूक सांगतो, मग केदाबद्दल लिहितो. नाहीतर लिहिता लिहिता मी ती सोयीस्करपणे गाळून टाकीन. नाशिकच्या आमच्या कॉलेजातल्या कॉमिक्स क्लबाला मी वर्षभर एक जपानी पुस्तक उलटं वाचायला लावलं, आणि ते उलटं आहे हे ज्याने ओळखलं त्या केदाची सगळ्यांसमोर टिंगल केली. दीड महिन्यापूर्वी मनीषाचा फोन आला, "केदा गेला रे... पहाटे, झोपेतच." फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा आठवलं ते त्याचं हसणं नाही, माझं.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आम्ही सहा-सातजण दर शनिवारी केमिस्ट्री लॅबमागच्या अडगळीच्या खोलीत जमून कॉमिक्सची अदलाबदल करायचो. त्यालाच आम्ही क्लब म्हणायचो, आणि मी त्याचा सेक्रेटरी. आमच्यातल्या मनीषाचे काका सातपूरच्या कारखान्याकडून ट्रेनिंगला जपानला गेले होते. येताना त्यांनी तिच्यासाठी चित्रकथेचं एक जाडजूड पुस्तक आणलं. अक्षर एकालाही कळेना, पण चित्रं पाहून आम्ही वेडे झालो. ती चक्क आमचीच गोष्ट होती... कॉलेजातली पोरं, कोंदट खोली, कॉमिक्सचे ढीग, एकमेकांच्या खोड्या आणि एकाच मुलीसमोर सगळ्यांची वळलेली बोबडी. ठरलं, पानांच्या झेरॉक्स काढायच्या, बोलण्याचे फुगे पांढऱ्या शाईने पुसायचे आणि त्यात मराठी संवाद भरायचे. ते लिहिणार अर्थातच केदा. तो नामपूरचा, घरी कांद्याची शेती, इथे हॉस्टेलवर. त्याने त्या जपानी पोरांना थेट आपल्या गावाकडच्या बागलाणात आणून बसवलं. चष्मेवाला पोरगा लाजत लाजत त्या मुलीला म्हणतो, "तू लय भारी दिसती, पण माझं पुस्तक परत दे." हे केदा आवाज बदलून वाचून दाखवायचा आणि आम्ही बाकांवरून घसरायचो. त्या शनिवारांची जशी वाट पाहिली, तशी मी पुढे पगाराचीही पाहिली नाही.

गोष्टीचा शेवट मात्र चटका लावायचा. एकेक करून पोरं खोलीतून नाहीशी होतात, शेवटी उरतो एकटा चष्मेवाला आणि रिकाम्या खोलीचं दार. गॅदरिंगच्या प्रदर्शनात ही पानं भिंतीवर लावायची होती. मी क्रमाने टाचण्या मारत होतो, तेवढ्यात केदा येऊन म्हणाला, "सेक्रेटरी, हे उलटं हाय. वाडगा आधी रिकामा आन् मग भरलेला, घाम आधी आन् पळणं नंतर, असं कुठं असतं का? माझे संवाद बसंनात म्हणून नीट पाहिलं. मागून सुरू कर. ही पोरं पांगत नाय रे, जमतायत."

तो बरोबर असावा, असं मला त्याच क्षणी वाटलं होतं. हेच खरं कबूल करायचं आहे. पण भोवती अख्खा क्लब उभा, आणि क्रम मी लावलेला. मी म्हणालो, "तू नामपूरच्या एसटीत ड्रायव्हरकडे पाठ करून बसतोस ना, म्हणून तुला सगळं उलटं दिसतं." सगळे खो खो हसले. केदाही हसला. पानं माझ्याच क्रमाने लागली. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी बोलवायला गेलो नाही. उरलेले फुगे कोरेच राहिले आणि परीक्षेआधी क्लब मोडला.

दहा-बारा वर्षांनी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात इंग्रजीत आलेली एक जपानी चित्रकथा हाती लागली. उघडली, तर समोर सूचना : थांबा, हा शेवट आहे, जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात, दुसऱ्या बाजूने उघडा. मी तसाच घरी गेलो, माळ्यावरच्या जुन्या झेरॉक्स काढल्या आणि मागून वाचत सुटलो. काय सांगू... चष्मेवाला रिकाम्या खोलीचं दार उघडतो, मग एक येतो, मग दुसरा, मग ती मुलगी, आणि पानागणिक खोली भरत जाते. प्रत्येक विनोद आपापल्या जागी बसत होता. मी एकटाच मोठमोठ्याने हसत होतो, आणि हे सांगावं असा माणूस जगात एकच होता. त्याला सांगितलं नाही. लाज वाटली. त्या लाजेत आणखी काही वर्षं घालवली.

मग केदाने नामपूरला घर बांधलं आणि वास्तुशांतीला सगळ्या क्लबला बोलावलं. मलाही. पंगत बसायच्या आधी मी त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "केदा, ते पुस्तक... तू बरोबर होतास."

त्याला विचार करावा लागला नाही. "बाजूला काय घेतो? हसले तव्हा सगळे होते ना?" असं म्हणत त्याने दंडाला धरून मला मांडवाच्या मधोमध नेलं. मनीषा, क्लबातले बाकीचे, त्याचे भाऊबंद, सगळे बघायला लागले. मी कसंबसं काहीतरी पुटपुटलो.

"काय म्हनस रे हाऊ?" खुर्चीवर बसलेल्या त्याच्या आईने माझ्याकडे बोट करत अहिराणीत विचारलं.

"माफी मांगी ऱ्हायना, माय," केदा तिला म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मोठ्यानं सांग, सेक्रेटरी. मायला कमी ऐकू येतं." डोळ्यांत सगळा मिश्कीलपणा होता, पण दंडावरचा हात सुटत नव्हता.

मग मी पार शेवटच्या पंगतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "केदा बरोबर होता. मला ते तेव्हाच कळलं होतं, तरी मी त्याला सगळ्यांसमोर हसलो. केदा, मी चुकलो. मला माफ कर."