माळ्यापर्यंतचा वेग

प्लूवेनेझ गावात शाळा एकच आणि त्या शाळेच्या खाणावळीत रोझेन केर्लेओ इतकी वर्षं स्वयंपाक करत होती, की तिच्या हातचं जेवून गेलेल्यांची मुलं आता तिच्यापुढे ताट धरत. गुरुवारी ती काळ्या गव्हाचे घावन करायची आणि त्या दिवशी शाळेत कुणी आजारी पडत नसे. लग्न केलं नव्हतं. गावाबाहेरच्या दगडी घरात ती आणि तिची आई, दोघीच राहत.

ईस्टरच्या आधी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सकाळी नर्स येऊन अंघोळ घालून जायची, बाकीचा दिवस रोझेनचा. तिनं खाणावळीतलं काम अर्ध्यावर आणलं, फक्त दुपारचं जेवण वाढण्यापुरतं जायचं असं ठरवलं. तिचा धाकटा भाऊ तांगी नांत शहरात पुलांचे नकाशे काढायचा. तो दोन दिवसांसाठी आला, आईचा हात धरून रडला आणि निघायच्या आधी स्वयंपाकघरात टेबलाशी बसला.

"मी महिन्यातले पंधरा दिवस इथं राहू शकतो, रोझेन," तो म्हणाला. "हल्ली कुठूनही काम करता येतं. पण तुमच्या या इंटरनेटच्या लाइनवर एक नकाशा पाठवायचा म्हणजे सकाळची संध्याकाळ होते."

"लाइन चांगली झाली तर येशील?"

"का नाही येणार? माझीही आई आहे ना ती."

रोझेननं हे वाक्य पदराला गाठ मारल्यासारखं जपलं.

फायबरची तार आदल्याच वर्षी त्यांच्या गल्लीतल्या खांबांवरून गेली होती. तेव्हा आईनं कंपनीच्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं होतं. "मला काय करायचाय वेग? मी कुठं पळणार आहे?" आता रोझेननं स्वतः फोन करून जोडणी मागवली. माणूस आला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी भोक पाडून तार आत घेतली, एक डबा लावून निघून गेला. डब्याशेजारी उभं राहून फोनवर वेग मोजला की आकडा हजाराजवळ जायचा. माळ्यावरच्या तांगीच्या खोलीत तोच आकडा दहाच्या वर सरकत नव्हता. मधे दोन मजले होते आणि हातभर जाडीची ग्रॅनाइटची भिंत.

"खाली बसून कर की काम," तिनं फोनवर सुचवलं.

"खाली आईचा टीव्ही. मला दिवसभर लोकांशी बोलायचं असतं. माळाच बरा."

मग ती कँपेर शहरातल्या एका दुकानात गेली. विक्रेत्या पोरीनं तिला सहा अँटेनांचा काळा राउटर काढून दिला. "मॅडम, याच्यापुढे भिंत म्हणजे काहीच नाही." घरी आणून टेबलावर ठेवला तर तो उलटा पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. माळ्यावरचा आकडा दहाचा पंधरा झाला.

"अगं, तो गेम खेळणाऱ्यांसाठी असतो," तांगी म्हणाला. "मेश घे, मेश."

"म्हणजे काय?"

"नेटवर सगळं लिहिलेलं आहे. वाच ना जरा."

रोझेन वाचायला लागली. खाणावळीत भांडी धुऊन झाली की बटाट्याच्या पोत्यावर बसून ती फोनवर लोकांचे वाद वाचायची: कुणाला कुठला डबा पावला, कुणाला कुठला बुडवून गेला. मेशचे तीन पांढरे डबे आले. एक खाली, एक जिन्यात, एक माळ्यावर. पहिला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. पण गावातल्या बातमीचं होतं तसंच याही बातमीचं झालं. जिन्यापर्यंत निम्मी उरली, माळ्यावर पोहोचेपर्यंत ओळखू येईना.

शेवटी तिनं जिल्दासला बोलावलं. तो गावचा इलेक्ट्रिशियन, तिच्याच वर्गातला. त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

"यातून तुझ्या आईची हाक जात नाही, तर वायफाय काय जाणार," तो म्हणाला. "हवेतून पाठवायचा नाद सोड. तार ओढ. आईच्या खोलीतलं धुराडं बंदच आहे ना? त्यातून वर."

"आणि हे डबे?"

"खेकडा परत कर. ते तीन भाऊपण परत कर. साधा, धड राउटर घे, तारेसाठी भोकं असलेला. एक छोटा स्विच, म्हणजे एका तारेच्या चार होतील. आणि वर छताला एक ॲक्सेस पॉइंट, तार खाऊन वायफाय ओकणारा. बस. इथं ताकद डब्यात नसते, तारेत असते."

सगळं सामान रोझेननं स्वतः निवडलं. स्वस्त तारेत तांब्याचा नुसता मुलामा असतो हे तिला आता वाचून माहीत होतं, म्हणून दुकानात तिनं तार सोलून दाखवायला लावली. जिल्दास छतावर चढला, तार धुराड्यातून खाली सोडली आणि तिच्याबरोबर बरीचशी काजळी आईच्या रजईवर उतरली. आईनं बऱ्या डोळ्यानं रोझेनकडे पाहिलं आणि जड जिभेनं विचारलं, "हे... कशाला?"

"तांगी यावा म्हणून."

आई अर्ध्या तोंडानं हसली. त्या वसंतात ती प्रथमच हसत होती.

माळ्यावर रोझेननं वेग मोजला. आकडा चढत चढत आठशेच्या घरात जाऊन थांबला. ती भावाच्या जुन्या पलंगावर बसली आणि पुन्हा मोजला. एखादा पदार्थ पहिल्यांदा मनासारखा जमावा तसं तिला झालं होतं. तिनं आकड्याचा फोटो काढून तांगीला पाठवला. त्यानं उत्तरादाखल एक अंगठा पाठवला.

तो सप्टेंबरात आला. मोठा स्क्रीन, चांगली खुर्ची, हेडफोन, सगळं गाडीतून उतरवलं. तासाभरानं खाली येऊन म्हणाला, "रोझेन, कमाल आहे. आमच्या ऑफिसात एवढा वेग नाही." ती दिवसभर त्या एका वाक्यावर चालली.

पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं, की तो आला आहे पण घरात नाही. सकाळी नर्स जायच्या आत तो वर गेलेला असे. आईला संडासवरून उचलताना रोझेनला दुसरे दोन हात हवे असत, नेमका तेव्हा तिच्या खिशातला फोन वाजायचा. वरून तांगीचा निरोप: "कॉफी मिळेल का?"

एकदा ती कप घेऊन वर गेली आणि म्हणाली, "तार धुराड्यातून वर येते हो, तांगी. माणसाला खाली यायला जिना आहे."

तो हसला, हेडफोनवर हात ठेवून ओठांनीच "पाच मिनिटं" म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला.

संध्याकाळी तो आईच्या पलंगाशी दहा मिनिटं बसायचा. त्या दहा मिनिटांसाठी आई दुपारपासून केस विंचरून घ्यायचा हट्ट धरी. तो गेला की म्हणायची, "थकतो गं बिचारा." रोझेन तिची चादर बदलत असायची. रोझेन थकते का, हे तिनं कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी रोझेन खाणावळीत निघाली. निघताना माळ्याच्या जिन्यावरून ओरडून सांगितलं, "दोनपर्यंत मी नाही. तू लक्ष ठेव."

"आहेच ना मी वर," तो म्हणाला.

ती परतली तेव्हा आई पलंग आणि धुराडं यांच्या मधे जमिनीवर पडलेली होती. अंगाखाली ओलं, पाय भलत्याच बाजूला वळलेला, हात बर्फासारखे. डोळे उघडे होते. रोझेननं भावाला हाका मारल्या. धुराड्यातून त्याच्या हसण्याचा आवाज आला, कुणाशी तरी छान बोलणं चाललं होतं. ती जिना चढली आणि त्याच्या कानावरचे हेडफोन ओढून काढले. स्क्रीनवर सहा माणसं तिच्याकडे बघत होती.

"आई पडलीय."

"कधी?"

"ते तू मला सांगायचंस."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "मी मीटिंगमध्ये होतो गं. मला कसं कळणार?"

कँपेरच्या इस्पितळात खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी रोझेन आईला सूप पाजत होती. आईच्या बऱ्या हाताला जोर होता, घरी ती पडली होती तिथं हाताशी काठी होती, माळ्यापर्यंत गेलेला लोखंडी नळ होता. नळावर काठी आपटली तर सगळ्या घरात घुमतं, हे आईला रोझेनपेक्षा जास्त ठाऊक होतं. लहानपणी पोरांना माळ्यावरून जेवायला ती तशीच बोलवायची.

"काठी का नाही वाजवलीस?" रोझेननं विचारलं.

आईनं बराच वेळ शब्द जुळवले. "त्याचं... काम... चालू होतं."

रोझेननं चमचा वाटीत ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण सूप अजून उरलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात तिनं हे तांगीला सांगितलं. त्याला लागावं म्हणूनच सांगितलं. तो भिंतीला टेकून रडला, अगदी मनापासून. मग नाक पुसून म्हणाला, "बघ. तिला कळत होतं."

त्याचा चेहरा हलका झालेला तिला दिसला. ती कॉफीच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. तिला कॉफी नको होती.

आई घरी परत आली नाही. इस्पितळातून वृद्धाश्रमात गेली आणि फेब्रुवारीत वारली. तांगी तेव्हा महिन्यातले पंधरा दिवस माळ्यावर येतच होता. तिथं काम चांगलं होतं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

वाटणीच्या वेळी नोटरीच्या कचेरीत तो आणि त्याची बायको सांद्रीन शेजारी शेजारी बसले होते. घर आपण ठेवावं असं दोघांनी ठरवलं होतं. शहर सोडून इथंच यायचं, सांद्रीनचंही काम आता घरूनच होतं.

"आणि मी?" रोझेननं विचारलं.

"तू एकटी," तांगी म्हणाला. "एवढ्या घराचं काय करशील? तुझा वाटा देतोच आहे. गावात एखादी छान जागा बघ, शाळेच्या जवळ."

"मी तुझा वाटा देऊन घर ठेवलं तर?"

नोटरीनं कागद उलटले. अशा घरांना हल्ली मागणी आहे, तो म्हणाला, कारण प्रत्येक मजल्यावर इतकं चांगलं कनेक्शन आसपास कुठंच नाही. त्यानं किंमत सांगितली. खाणावळीच्या पगारात ती बसणारी नव्हती. "काम सुरेख झालंय," तो आपुलकीनं म्हणाला. "कोणाकडून करून घेतलंत?"

"मीच निवडलं सगळं," रोझेन म्हणाली.

"मग तुमचं कौतुक करायला हवं."

तिनं सह्या केल्या.

सामान हलवायच्या दिवशी जिल्दास व्हॅन घेऊन आला. शेवटचं खोकं चढवल्यावर सांद्रीन दारात आली. "रोझेन, जायच्या आधी ते डबे समजावून देतेस? काही बंद पडलं तर आम्हाला दोघांनाही कळत नाही."

जिल्दासनं रोझेनकडे पाहिलं. "चल, अंधार होईल," तो म्हणाला. दुपारचे तीनही वाजले नव्हते.

ती आत गेली. राउटर कुठला, स्विच कुठला, कुठली तार कुठं जाते, दिवा नारिंगी झाला तर आधी काय बंद करायचं, सगळं तिनं सांद्रीनला दाखवलं. काहीही लपवलं नाही. सांद्रीन फोनवर टिपून घेत होती आणि मधेमधे म्हणत होती, "तुला हे कसं गं येतं सगळं?"

व्हॅन जिल्दास चालवत होता. चर्चपाशी वळताना म्हणाला, "धुराड्यातली तार मी एका झटक्यात ओढून काढली असती. तू नुसतं म्हणायला हवं होतंस."

"आणि मग?"

"मग काही नाही. बरं वाटलं असतं."

"तुला," रोझेन म्हणाली.

आता ती बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. खाणावळीत पुन्हा पूर्ण वेळ जाते. नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला सगळं गाव दफनभूमीत शेवंतीच्या कुंड्या घेऊन जातं, तेव्हा भावाची आणि तिची आईच्या थडग्यापाशी गाठ पडते. गेल्या खेपेला तो म्हणाला, "घरी येत जा की. दार उघडंच असतं."

"येईन," ती म्हणाली, आणि आईच्या दगडावरची ओली पानं हातानं गोळा करत राहिली. अजून ती गेलेली नाही.