माता-पालकांचा शनिवार

बायको गेली तेव्हा तिच्याबरोबर मुलीची शाळाही आमच्या घरातून गेली, हे मला उशिरा समजलं.

मुलगी परळच्या महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. शाळा सकाळची. सोडायला मी जायचो आणि आणायला बायको. फाटकाशी उभी राहून ती इतर आयांशी बोलायची, आणि मी दादरच्या वाचनालयातलं काम संपवून घरी आलो की भाकरी थापता थापता सगळं मला सांगायची. कोणत्या बाई रजेवर आहेत, आज खिचडीत मीठ जास्त पडलं, आपली पोर कुणाशी भांडली. मी पुस्तकातून मान वर न काढता ऐकायचो आणि शाळेतलं सगळं आपल्याला माहीत आहे असं समजायचो.

श्रावणात ती गेली. आजार फार लांबला नाही. मुलीला शाळेतून आणायचं काम शेजारच्या वहिनींनी आपणहून घेतलं, त्यांचा मुलगा तिच्याच वर्गात आहे. संध्याकाळी मी विचारायचो, "शाळेत काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही." मग ती तिच्या कोपऱ्यात, मी माझ्या.

संक्रांतीनंतर एकदा वहिनी हातात वाणाची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. शाळेतूनच आल्या होत्या.

"भावोजी, एक सांगते, मनाला लावून घेऊ नका. बाई म्हणत होत्या, पोर वर्गात तोंडच उघडत नाही. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून? मला कुणी कळवलं नाही."

"माता-पालकांच्या सभेत सांगतात ना सगळं. आजही सभाच होती, वर हळदीकुंकू. तिथे तुम्हाला कसं बोलावणार?"

त्या सभेची सूचना फाटकाजवळच्या फळ्यावर मी वाचली होती. दिसेल ते वाचायची सवय आहे. सर्व माता-पालकांनी यावं, असं लिहिलं होतं. ज्या घरात माता नाही त्या घराने काय करावं, ते नव्हतं. मी ती शेवटपर्यंत वाचली, मुलीचा हात सोडला आणि कामाला गेलो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "या, बसा. बाबा लोक आम्हाला दोनदाच दिसतात. प्रवेश घ्यायला आणि दाखला न्यायला. तुम्ही मधेच आलात!"

मला हसता आलं नाही. म्हणालो, "माझ्या मुलीचं वर्गात काय चाललंय, हे मला कळायला हवं होतं. तो माझा हक्क आहे." हा शब्द मी याआधी मोठ्याने उच्चारला नसावा. त्या लहानशा ऑफिसात तो फारच मोठा वाटला.

"आहेच की," त्या म्हणाल्या. "नाही कोण म्हणतंय?" आणि त्यांनी वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं.

वर्गशिक्षिका तरुण होत्या. म्हणाल्या, "आधी हजेरीला 'हजर' म्हणायची. मग नुसता हात वर करायला लागली. मला वाटलं, दुःखात आहे, बोलेल हळूहळू. तुम्हाला फोन करणार होते, पण आमच्याकडे जो नंबर आहे तो..." त्या थांबल्या. नंबर कुणाचा ते मला ठाऊक होतं. तो फोन माझ्या कपाटात बंद पडून होता.

"घरी कशी बोलते?" त्यांनी विचारलं.

मी आठवू लागलो. 'काही नाही.' 'हो.' 'जेवले.' मी मुळातच कमी बोलणारा. आमच्या खोलीतली शांतता मला माझीच वाटत होती. तिच्यात मुलीचीही मिसळली आहे, हे ओळखू आलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "शनिवारी आया वर्गात येऊन गोष्टी वाचून दाखवतात. तुम्ही याल?"

"अहो, तो मातांचा गट आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"असू दे ना. यांना वाचता येतं की."

शनिवारी मी मुलांच्या बाकावर गुडघे कसेबसे दुमडून बसलो. मागून एक आई म्हणाली, "काय भावोजी, पुढच्या वर्षी हळदीकुंकवालाही येणार वाटतं!" सगळ्या हसल्या. "येऊ देत की," वहिनी म्हणाल्या, "वाण देऊ त्यांना." मग माझी पाळी आली. मी कोल्ह्याची गोष्ट वाचली, स्पष्ट, एकही शब्द न गाळता. मुलांनी ती बातम्यांसारखी ऐकून घेतली. माझी मुलगी बाकाकडे बघत होती.

घरी जाताना आम्ही दोघंच होतो. मूर्तिकारांच्या बंद कारखान्यांवरून जाताना ती म्हणाली, "बाबा, कोल्हा असा नाही बोलत."

मी चालायचा थांबलो नाही. थांबलो तर ती गप्प होईल अशी भीती वाटली. "मग कसा बोलतो?"

"आईचा कोल्हा नाकात बोलायचा."

"तसा आवाज काढून दाखव."

तिने आजूबाजूला पाहिलं आणि काढला. तेवढ्यात बस गेली, मला अर्धाच ऐकू आला. ती गोष्ट सांगितली गेली तेव्हा मीही त्याच खोलीत असणार, पुस्तक घेऊन. तरी तो आवाज मला आठवेना. आता तो फक्त तिच्यापाशी होता.

मी नाकात बोलून पाहिलं.

"असा नाही," ती म्हणाली. "अजून रडका."

मी पुन्हा काढला. तोही चुकला. चाळीचा जिना चढून खोलीचं कुलूप काढेपर्यंत ती मला दुरुस्त करत होती.