पातेल्यातलं अंतराळ

दारव्ह्याला आमचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा ओढून काढावी लागते, म्हणून व्हॅक्यूम पंप हाताशी असतोच. मुलीला शाळेच्या प्रदर्शनात दाखवायचं होतं की अंतराळात आवाज का जात नाही. बाईंनी बजावलं होतं, सोमवारी प्रयोग चालला तरच टेबल मिळेल.

रविवारी सकाळी मी जाड पातेल्याच्या काठावर कुकरचं रबर बसवलं. वर अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पाटी, तिला भोक पाडून व्हॉल्व्ह. आत सासूबाईंचं किल्लीचं गजराचं घड्याळ. हवा ओढली, व्हॉल्व्ह फिरवला आणि पंप बंद केला, नाहीतर त्याच्या घरघरीत काय ऐकू येणार?

गजराची वेळ झाली आणि घड्याळ चांगलं ऐकू येण्याइतकं वाजलं.

मुलीचा चेहरा उतरला. सासूबाई मात्र खूश. "माह्यं घड्याळ हाय ते! तुमच्या पंपाले भेत नाही."

मी पातेल्याला हात लावला. बोटं झिणझिणली. घड्याळाचे पाय बुडाला टेकले होते. हवा नसली तरी आवाज स्टीलमधून बाहेर येत होता. मी सासूबाईंच्या उशीची शिवण उसवली.

"अवं, माही उशी काहून फाडून राह्यली?"

"कापूस पाहिजे. शिवून देते."

घड्याळ कापसावर ठेवलं, पुन्हा हवा ओढली. या वेळी गजराचा हातोडा घंटेवर धडाधड आपटताना दिसत होता, पण आवाज कान देऊनही जेमतेम. मुलगी नाचायला लागली.

"कापसानं आवाज दाबला," सासूबाई म्हणाल्या. "त्यात काय?"

मुलीने कापूस तसाच राहू देऊन व्हॉल्व्ह उघडला. फुस्स करून हवा आत शिरली आणि तिच्यासोबत गजर वाढत वाढत घरभर झाला.

"माय वं!" सासूबाई पुढे सरकल्या. "पुन्हा कर."

पुन्हा केलं. मग आणखी एकदा. मुलीने सांगितलं, "आजी, आवाजाले जायले काहीतरी लागते. चंद्रावर हवाच नाही, थेट बोललं तर ऐकूच येत नाही."

"मंग थेथ सासू-सुनेचं लय जमत असन."

"जागा बघून ठेवू का?" मी म्हटलं.

सोमवारी टेबल मिळालं. घड्याळाला किल्ली द्यायला सासूबाई स्वतः शाळेत गेल्या. उशी शिवायची राहिलीच आहे.