लेकीच्या बदल्यात पातेलं

माझ्या थोरल्या लेकीचा भाव दर वर्षी वाढत गेला. दीड वर्षाची होती तेव्हा एक वाटी. अडीच वर्षांची झाली तेव्हा तांब्या. साडेतीनला झाकणाचा डबा, आणि चार पुरी व्हायच्या सुमाराला मी तिला जाड बुडाच्या पातेल्यावर नेऊन ठेवली होती. भाव मीच ठरवायची. ती रडायला लागली की म्हणायची, "थांब, बोहारीण येऊ दे. तिच्या पाटीत घालते तुला, आन् बदल्यात पातेलं घेते."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही दौंडला रेल्वेच्या चाळीत राहायचो. आमचे हे शेडमध्ये फिटर, पाळ्यांची नोकरी. मी एकवीस-बावीस वर्षांची, माहेर शिरूरचं, सातवी पास, म्हणजे जगातलं सगळंच कळलेली. शेजारणी माझ्या त्या धमकीला हसायच्या आणि मला वाटायचं, काय आपलं डोकं! ना हात उचलायचा, ना आवाज चढवायचा. एक वाटी दाखवली की पोर गप.

पोरीचे हट्ट मात्र वयागणिक रूप बदलत गेले. दीड वर्षाची असताना ती जमिनीवर आडवी पडून टाचा घासायची. कारण काय, तर मी तिच्या तोंडातली चप्पल काढून घेतली. तेव्हा उचलून दारात नेली, इंजिन दाखवलं, की विसरायची. अडीचची झाल्यावर इंजिनाला भीक घालेना. एकदा मी भाकरी मोडून तिच्या ताटलीत वाढली, तर "जोड! मोडली, जोड!" म्हणून तिनं अर्धी चाळ गोळा केली. आणि मी सातवी पास बाई, खरोखर दोन तुकडे दूध लावून चिकटवत बसले. साडेतीनला तिला बोलता यायला लागलं, म्हणजे भांडताही. "तू वाईट आई हायेस, मी दुसरी आणीन," असं कमरेवर हात ठेवून सांगायची. मीही कमरेवर हात ठेवून उत्तर द्यायची, "आण की, मी डबा घेते." दोघींत वयानं मोठी कोण, ते परक्या माणसाला सांगता आलं नसतं.

त्या दिवशी मला सातवा महिना. हे रात्रपाळी करून नुकतेच झोपलेले. त्यांची झोप मोडली की दिवसभर घर धुमसायचं, त्यामुळे माझा सगळा जीव पोरीच्या आवाजात अडकलेला. आणि तिला नेमका दोरीवरचा ओला फ्रॉक हवा होता. मी दुसरा काढला, तिनं फेकला. मी तोंडावर हात ठेवला, तिनं चावा घेतला. तेवढ्यात दारात हाक आली, "जुनी कापडं हायेत का, बाई?" मला वाटलं, देवच धावला.

मी ह्यांचे दोन विरलेले शर्ट आणि माझं एक लुगडं बाहेर आणलं, ओट्यावर ठेवलं आणि त्या ढिगाशेजारी पोरीला उभी केली.

"मावशी, ही पण घ्या. पातेलं द्या आन् न्या हिला. लई रडती."

बोहारीण तिशीची असेल. तिनं लुगडं उजेडात धरून पाहिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "असं बोलू न्हाई लेकराला."

"बोलू नाही कसं? न्याच तुम्ही. मला आता दुसरं येतंयच की."

हे मी बोलले. मीच. पोटावर हात ठेवून, शेजारणीकडं डोळा मिचकावून. पोर एकदम थांबली. मला केवढा आनंद! मी थोडी घासाघीस केली, पातेलं वाजवून घेतलं, आत गेले, फळीवर जागा करून ते मांडलं, लांबून कसं दिसतं तेही पाहिलं. बाहेर आले तर ओट्यावर कुणी नव्हतं.

आधी मोरीत पाहिलं, मग नळावर. शेजारीण तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ती तर गेली की तिच्या मागनं. मला वाटलं, तुम्हीच धाडलीत."

"कुठं गेली?"

"रुळाकडं."

चाळीतून बाजाराकडं जायचं तर रूळ ओलांडून जावं लागायचं. मी पोट धरून धावले. चप्पल कुठं गेली माहीत नाही. पोचले तर समोर मालगाडी आडवी, हळूहळू सरकणारी. डब्यामागून डबा. मी खाली वाकून चाकांमधून पलीकडं पाहत होते. पाय दिसतायत का, फ्रॉक दिसतोय का, आणि रुळांवर, जे बघायचं नव्हतं, ते काही दिसतंय का. गाडी संपता संपेना. मी कुणाला शिव्या देत होते तेही कळत नव्हतं.

शेवटचा डबा सरकला, तर पलीकडं बोहारीण उभी होती. डोक्यावर पाटी, पाठीला बोचकं आणि कडेवर माझी लेक. रडत नव्हती. परक्या घरी नेलेलं मूल अंग चोरून बसतं तशी बसली होती.

"रूळ वलांडले आन् मागं बघितलं, तर ही," ती म्हणाली. "बोचक्याचं टोक धरून चालली व्हती. म्हनलं, जा बाळ घरी. तर म्हनती, आईनं पातेलं घेतलंय."

मी पोरीला पोटाशी धरलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी आधी तिच्या पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या धपाट्याला बोहारणीनं माझं मनगट धरलं.

"मारता कशापायी? तिनं तर तुमचंच ऐकलं." मग माझं मनगट सोडून ती म्हणाली, "मलाबी दोन लेकरं हायेत, बाई. त्यांना मी कुनाचं भ्या घालू? तुमचं?"

मी म्हणाले, "पातेलं परत देते, मावशी."

"त्या पातेल्यानं काय केलं?" म्हणाली आणि बाजाराकडं निघून गेली.

त्या दिवसापासून पोर शहाणी झाली. शेजारणी म्हणाल्या, बरी अद्दल घडली. आणि मी वेडी आठ दिवस त्याची मिरवणूक काढत होते. पोरीनं मोडकी भाकरी खाल्ली, ओला फ्रॉक मागितला नाही, हे झोपले की पाय न वाजवता चालायची. नवव्या दिवशी सकाळी पाहिलं तर तिनं आपले दोन्ही फ्रॉक घडी करून दाराशी ठेवले होते.

"हे गं काय?"

"ती आली तर."

मी तिला जवळ घेऊन सांगितलं, ती थट्टा होती. शंभरदा सांगितलं. ती "व्हय" म्हणायची. मुलगा झाला तेव्हा त्याच्या पाळण्याशी येऊन तिनं विचारलं, "ह्याला कशावर आणला?" बायका खो खो हसल्या. ती हसली नाही. माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत राहिली.

मग मी उलटा उद्योग सुरू केला. तिनं हट्ट करावा म्हणून मुद्दाम खोड्या काढायची. तिचा लाडू धाकट्याला द्यायची, खेळायला निघाली की दार लावायची. ती गुमान बसायची. धाकटा तिच्यादेखत जमिनीवर लोळून चाळ डोक्यावर घ्यायचा, आणि ती घाबऱ्या घाबऱ्या त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

सात वर्षांची असताना सुट्टीत तिला शिरूरला माझ्या आईकडं ठेवलं. पंधरा दिवसांनी आणायला गेले, तर गल्लीच्या तोंडापासून आरडाओरडा ऐकू आला. "एक मोठी, एक बारकी! सोड! पयल्यापासनं घाल!" आवाज माझ्या लेकीचा. मी दाराआड उभी राहिले. ती जमिनीवर फतकल मारून बसलेली, अर्धी वेणी सुटलेली, फणी कोपऱ्यात भिरकावलेली, आणि माझी आई हसत, शिव्या देत तिसऱ्यांदा भांग पाडत होती. मला इतका आनंद झाला, की मी आत पाऊल टाकलं.

तिनं मला पाहिलं. रडं तिथंच गिळलं. उठून कोपऱ्यातली फणी आणली, आजीच्या हातात दिली आणि म्हणाली, "असू दे. चांगल्या झाल्यात."

"रोज हाच तमाशा," माझी आई म्हणाली. "माझं डोकं उठवती. तुझ्याजवळ करत न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्याजवळ शहाणी असते."