सात-अ नंबरची पेटी

आमच्या होभाऊला 'नाही' म्हणता येत नाही, हे हॉस्पिटलात झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. कुणीही यावं, एक कॉम्प्युटर जोडून मागावा. हा शिडी घेऊन निघालाच. जेवायला बसला तरी एक पाय हलत असतो. मी लॅबमध्ये, तो शेजारच्या नेटवर्कच्या खोलीत, त्यामुळे त्याची सगळी तऱ्हा मला पाठ.

एका वायरीची धाव शंभर मीटर. पुढे जायचं तर मध्ये स्विचची पेटी, तिच्यापुढे आणखी एक. पण एका ओळीत सातच्या वर जायचं नाही, नाहीतर पेट्यांचं आपसात बिनसतं आणि अख्खी लाइन बंद पडते, असं त्यानेच मला सांगितलेलं. पेट्यांवर नंबरही त्याच्याच हातचे. सातवी टोकाच्या वॉर्डात.

त्याच वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्याची आई दाखल झाली. तिथे मोबाईलला रेंज नाही, आणि म्हातारीला परदेशातल्या लेकीचं तोंड बघायचं होतं. झालं! याने सातवीला आठवी पेटी जोडून खोलीत इंटरनेट नेलं. आठ लिहायला मन धजेना, म्हणून 'सात-अ' लिहिलं. मी म्हटलं, अरे शहाण्या, पेटीला काय वाचता येतं? नुसता हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा रिपोर्ट माझ्यासमोर आला. पोटॅशियम इतकं चढलेलं की हृदय कधीही बंद पडावं. कॉम्प्युटरवरून वॉर्डाला पाठवला, जाईना. वॉर्डाला फोन लावला. तोही त्याच वायरीवर, मुका. रिपोर्ट छापून बाहेर धावले तर हा शिडीवर, तिसरी पेटी उघडून बसलेला. कुठे चुकलंय ते त्याला पक्कं कळलं होतं, पण सात-अ सोडून बाकी सगळीकडे हात घालत होता.

"खाली उतर," मी म्हटलं. "हा तुझ्या आईचा आहे. पळ."

असा पळाला की एक चप्पल शिडीपाशीच राहिली. इंजेक्शन वेळेत गेलं.

दुपारी त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून, ती चप्पल घेऊन मी वॉर्डात गेले. तो पलंगाशी उभा, काढलेली पेटी काखेत. आता ताई कशी दिसायची रे, जोड ना तेवढं, असं आई विनवत होती.

"नाही, आई," तो म्हणाला.

म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. फार वाईट वाटलं मला. त्याचा पाय हलत नव्हता. मी चप्पल त्याच्यापुढे ठेवली आणि परत आले.